हौदात तीन शेपट्या, भिंतीवर दोन

प्रश्न : सप्रेम नमस्कार. मी सातारा जिल्ह्यात डोंगरपायथ्याच्या एका गावात शिक्षिका आहे. आमच्या परसात सिमेंटचा जुना हौद आहे. त्यातले पाणी झाडांना घालतो, पण हौद पूर्ण रिकामा असा क्वचितच होतो. घरापासून पाच मिनिटांवर डोंगरातून येणारा ओढा आहे. ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात एका सकाळी पडवीतल्या दिव्याजवळ भिंतीवर एक नाजूक कीटक बसलेला दिसला. अंग तांदळाच्या दाण्याएवढे, पंख मिटलेल्या फुलपाखरासारखे पाठीवर उभे आणि काचेसारखे स्वच्छ, फक्त त्यांच्या पुढच्या कडेला तपकिरी पट्टा, मागे दोन लांब शेपट्या. शेजारी भिंतीला एक पांढुरकी कात चिकटलेली होती, तिलाही दोनच शेपट्या होत्या. मुलांनी हौदातून एक चपळ पाणकिडा पकडून आणला, त्याला मात्र तीन शेपट्या. ओढ्यातल्या दगडाखालून त्यांनी एक चपटा किडा आणला, त्यालाही तीन. शोधाशोध केल्यावर 'मेफ्लाय' हे नाव मिळाले. मेफ्लाय स्वच्छ वाहत्या पाण्यातच राहतात असे वाचल्यामुळे भिंतीवरचा कीटक ओढ्यातून आला असावा, असे मला वाटते. छायाचित्रे सोबत जोडली आहेत. त्याची नेमकी जात कोणती, हे सांगाल का?

उत्तर : भिंतीवरचा कीटक मेफ्लायच आहे. तो क्लोइऑन या प्रजातीतली (प्रजाती म्हणजे जवळच्या जातींचा गट) मादी आहे, आणि ती ओढ्यातून न येता आपल्याच हौदातून वर आली असावी. जातीचे नाव मात्र या छायाचित्रांवरून देणे मला योग्य वाटत नाही. हे सगळे कशावरून म्हणतो ते सविस्तर सांगतो, म्हणजे पुन्हा कधी भिंतीवर असा पाहुणा दिसला तर मुलांना हीच तपासणी स्वतः करता येईल.

सुरुवात कातीपासून करू, कारण आपल्या पत्रातली ती एक ओळ सगळ्या छायाचित्रांपेक्षा बोलकी आहे. कीटक कात टाकतात ते वाढीच्या वयात. एकदा उडण्याजोगे पंख फुटले, की मग तो नाकतोडा असो, फुलपाखरू असो की चतुर, तो पुन्हा कात टाकत नाही. आज जिवंत असलेल्या कीटकांत या नियमाला एकच गण अपवाद आहे आणि तो मेफ्लायचा. पाण्यातून वर येते वेळी त्याचे पंख दुधी, मळकट असतात आणि त्यांच्या कडेला बारीक केसांची झालर असते. या अवस्थेला उपप्रौढ म्हणतात. हा उपप्रौढ जवळच्या पानावर किंवा भिंतीवर निपचित बसून राहतो, आणि क्लोइऑनमध्ये साधारण एका दिवसाने, पंखांसकट आणखी एकदा कात टाकून काचेसारख्या पंखांचा प्रौढ होतो. आपल्या पडवीत नेमके हेच घडून गेले आहे. ती कात अजून भिंतीवर असेल तर दहापट मोठे दाखवणाऱ्या भिंगातून अवश्य पाहा. पाठीवर उभी चीर, दोन्ही बाजूंना चुरगळलेल्या पापुद्र्यासारखी पंखांची आवरणे, पायांचे रिकामे मोजे आणि मागे केसाएवढ्या दोन पोकळ शेपट्या, इतके सगळे त्यात शाबूत असते. एवढ्या नाजूक पंखांवरून त्यांचीच साल कशी सोलली गेली असेल, याचे मला दर वेळी नव्याने आश्चर्य वाटते.

पंख पाठीवर उभे असणे ही दुसरी खूण. माशी, भुंगा, झुरळ यांना पंख मागे वळवून पाठीवर आडवे ठेवता येतात. मेफ्लायच्या पंखांच्या मुळाशी ती सोयच नाही, म्हणून बसल्यावर ते होडीच्या शिडासारखे उभे राहतात. पंख असे आडवे न वळणारे कीटक आज दोनच गणांत उरले आहेत, एक मेफ्लायचा आणि दुसरा चतुर व त्याच्यासारखीच, पण बारीक अंगाची टाचणी यांचा. टाचणीही पंख पाठीवर मिटून बसते, पण तिला अशा लांब, लवचीक शेपट्या नसतात आणि तिचे तोंड शिकार चावून खाण्याचे असते. प्रौढ मेफ्लायला खाता येईल असे तोंडच नसते.

आता कुल (म्हणजे जवळच्या प्रजातींचा गट) आणि प्रजाती. आपल्या दुसऱ्या छायाचित्रात पंख उजेडासमोर आले आहेत आणि तिथे पंखांची एकच जोडी दिसते. बहुतेक मेफ्लायना मागे छोट्या पंखांची दुसरी जोडी असते. ती नसणारे थोडे, आणि त्यांतले आपल्याकडे वारंवार दिसणारे म्हणजे क्लोइऑन आणि केनिस. केनिसला प्रौढपणीही तीन शेपट्या असतात, म्हणून तो बाद झाला. पंखाच्या बाहेरच्या कडेला, मोठ्या शिरांच्या मधल्या जागेत अगदी आखूड शिरा असतात. बीटिस या नात्यातल्या प्रजातीत त्या जोडीजोडीने असतात, तर क्लोइऑनमध्ये एकेकट्या. आपले छायाचित्र मोठे करून पाहिल्यावर त्या एकेकट्याच दिसतात. पंखाच्या पुढच्या कडेचा तपकिरी पट्टा हा क्लोइऑनच्या अनेक जातींत मादीचा दागिना आहे, नराचे पंख बिनरंगी असतात. मादी म्हणण्याला डोळ्यांचाही आधार आहे. बीटिडी या क्लोइऑनच्या कुलातल्या नराचा प्रत्येक डोळा दुमजली असतो. खालचा भाग नेहमीच्या कीटकासारखा, आणि त्याच्यावर फेटा बांधावा तसा उंच, रुंद, बहुधा विटकरी किंवा पिवळसर रंगाचा दुसरा भाग. कीटकशास्त्रज्ञही त्याला फेट्याचेच नाव देतात. थव्यात उडणारी मादी वरच्या आकाशावर नेमकी टिपायला तो उपयोगी पडतो. आपल्या कीटकाचे डोळे साधे आणि लहान आहेत.

शेपट्यांचा हिशेबही इथेच जुळतो. मेफ्लायच्या पाण्यातल्या पिल्लाला निम्फ म्हणतात आणि क्लोइऑनच्या निम्फला तीन शेपट्या असतात. तो पाणी सोडतो तेव्हा मधली शेपटी मागे राहते, प्रौढात तिचा जेमतेम खुंट उरतो. त्यामुळे हौदाच्या पाण्यावर तरंगणारी कात सापडली तर तिला तीन शेपट्या दिसतील आणि भिंतीवरच्या कातीला दोन. एकाच जीवाने मागे टाकलेल्या या दोन काती आहेत. मुलांना पहाटे हौदाच्या कडेने तरंगती कात शोधायला सांगा, ती मिळाली तर भिंतीवरच्या मादीचा पत्ता जवळजवळ पक्का होईल.

हौदातला किडा क्लोइऑनचाच आहे हे पुढील खुणांवरून ठरते. तो लहान माशासारखा झटक्यात पोहतो, त्याच्या शेपट्यांना पिसासारखी झालर आहे, पोटाच्या दोन्ही बाजूंना पानांसारखे कल्ले आहेत आणि प्रत्येक पायाला एकच नखी आहे. कल्ल्यांच्या एकूण सात जोड्या असतात, त्यांतल्या पहिल्या सहांत प्रत्येक कल्ला दोन पाकळ्यांचा, सातवा एकेरी. पांढऱ्या बशीत थोडे पाणी घेऊन निम्फ सोडा आणि त्याला पाच मिनिटे स्वस्थ राहू द्या. कल्ले एकामागून एक फडफडताना दिसतील, वाऱ्याची झुळूक शेतातून जावी तशी लाट त्यांच्यातून जाते. पाण्यातला प्राणवायू कमी झाला की ही फडफड वाढते. हौदात टाचणीची पिल्लेही असण्याचा संभव आहे आणि मुलांची तिथे गल्लत होऊ शकते. टाचणीच्या पिल्लालाही मागे तीन टोके असतात, पण ती चपट्या पात्यांसारखी असतात, तेच तिचे कल्ले, आणि पोटाच्या कडेला काही नसते.

ओढ्यातला चपटा किडा ही सर्वस्वी वेगळी मंडळी. ढालीसारखे पसरट डोके, डोळे डोक्याच्या वरच्या बाजूला, खेकड्यासारखे बाजूला फाकलेले पाय, या खुणांवरून तो हेप्टाजेनिडी कुलातला निम्फ ठरतो. दगडाला लगटून राहिल्यामुळे खळाळाचा जोर त्याच्या अंगावरून निघून जातो, आणि दगडावरची शेवाळाची पातळ साय खरवडून तो जगतो. तो हौदात टाकला तर बहुधा टिकणार नाही. वाहते पाणी त्याच्या कल्ल्यांपाशी प्राणवायू सतत आणून देते, हौदाच्या उथळ, तापणाऱ्या पाण्यात तसे घडत नाही. क्लोइऑनचे उलट आहे. तळी, डबकी, भातखाचरे, कातळावरचे साचलेले पाणी, जुने हौद हेच त्याचे घर. युरोपातली क्लोइऑन डिप्टेरम ही जात तर बर्फाखाली प्राणवायू संपलेल्या तळ्यातही बराच काळ तग धरते.

म्हणूनच आपण वाचलेल्या त्या वाक्याविषयी मला आग्रहाने लिहावेसे वाटते. 'मेफ्लाय दिसला म्हणजे पाणी स्वच्छ' हे विधान कुलाचे नाव सांगितल्याशिवाय अर्धवट राहते. ब्रिटनमध्ये नद्यांची प्रकृती जोखण्यासाठी जी गुणपद्धती तयार झाली, तिच्यात प्रत्येक कुलाला १ ते १० गुण आहेत. हेप्टाजेनिडीला १०, केनिसच्या केनिडी कुलाला ७ आणि बीटिडीला, म्हणजे क्लोइऑनच्या कुलाला, फक्त ४. आपल्या केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळानेही जैविक तपासणीसाठी याच पद्धतीचा आधार घेतला आहे. आपल्या ओढ्यातला तो चपटा निम्फ ओढ्याविषयी चांगले सांगतो, भिंतीवरची सुंदर मादी हौदाविषयी तसे काहीच सांगत नाही.

राहिला जातीचा प्रश्न. भारतातून क्लोइऑनच्या अनेक जाती नोंदल्या गेल्या आहेत. आंतरजालावर अशा चित्रांखाली 'क्लोइऑन बायमॅक्युलेटम' हे नाव हमखास दिसते, पण पट्टेदार पंखांची मादी एवढ्यावरून ते देता येत नाही, कारण मादीचा पट्टा एकापेक्षा अधिक जातींत असतो. जात ठरते ती मुख्यतः प्रौढ नराच्या पोटाच्या टोकाशी असलेल्या चिमट्यासारख्या अवयवांवरून आणि निम्फचे जबडे, ओठ व नख्या सूक्ष्मदर्शकाखाली सोडवून पाहिल्यावर. एवढे करूनही फसगत होते. लिनिअसने १७६१ साली नाव दिलेल्या क्लोइऑन डिप्टेरमचीच डीएनए तपासणी झाली, तेव्हा त्या एका नावाखाली दिसायला सारख्या अशा अनेक जाती दडलेल्या आढळल्या. अडीचशे वर्षे लोकांच्या डोळ्यांसमोर असलेल्या युरोपीय कीटकाची ही गत, तर आपल्या हौदाविषयी घाई करण्यात अर्थ नाही. मुलांच्या वहीत 'क्लोइऑन, जात अनिश्चित' अशी नोंद करावी. संशोधकही असेच लिहितात.

पुढे जायचे असेल तर निम्फ वाढवून पाहा. काचेच्या रुंद बरणीत हौदाचेच पाणी, थोडे शेवाळ आणि पाण्याबाहेर येणारी एक काडी ठेवा आणि तोंडावर मलमल बांधा. बरणी उन्हात ठेवू नका. पाठीवरच्या पंखांच्या पिशव्या काळ्या पडल्या की निम्फ एक-दोन दिवसांत बाहेर येणार असे समजावे. उपप्रौढ वर आल्यावर त्याला हात न लावता पूर्ण एक दिवस जाऊ द्या, म्हणजे तो दुसरी कात टाकेल. मग प्रौढ आणि पाण्यावरची कात एकाच कुपीत, ८० टक्के अल्कोहोलमध्ये ठेवा. आत पेन्सिलीने लिहिलेली चिठ्ठी घाला, शाई अल्कोहोलमध्ये उतरते. चिठ्ठीवर गाव, तारीख आणि 'सिमेंटचा हौद, साचलेले पाणी, तळाशी पाने' असा पाण्याचा तपशील हवाच. पिल्लू आणि प्रौढ एकाच जीवाचे आहेत, हे सिद्ध करणारी अशी कुपी तज्ज्ञाला शंभर छायाचित्रांहून उपयोगाची असते. भारतीय प्राणी सर्वेक्षण संस्थेचे पश्चिम विभागीय केंद्र पुण्यात आकुर्डीला आहे, तिथे आधी पत्र लिहून विचारणा करावी. आपल्या हौदातून नमुना घ्यायला कोणाची हरकत नसावी. ओढ्याचा वरचा भाग राखीव जंगलात किंवा अभयारण्यात येत असेल, तर तिथून काही उचलण्यापूर्वी वनखात्याची परवानगी लागेल, हे मुलांनाही सांगून ठेवा.

प्रश्न : आमच्या गच्चीवरच्या उघड्या टाकीत तीन शेपट्यांचे बारीक किडे झाले आहेत. ते चावतात का? ते डासांच्या अळ्यांपैकी आहेत का? टाकीत गप्पी मासे सोडावेत का? — एक गृहिणी, नाशिक

उत्तर : वर्णनावरून हे क्लोइऑनचे निम्फ दिसतात. ते चावत नाहीत, डंख करत नाहीत आणि कोणताही रोग पसरवत नाहीत. डासाच्या अळीला पाय नसतात आणि ती श्वासासाठी पृष्ठभागाशी येऊन लटकते. या निम्फला सहा पाय असतात आणि तो पाण्यातच कल्ल्यांनी श्वास घेतो. दोघांचे नाते फार लांबचे आहे.

तरीही माझा सल्ला टाकी रिकामी करण्याचाच आहे. ज्या उघड्या पाण्यात क्लोइऑनची मादी अंडी सोडू शकते, त्यात डेंग्यू पसरवणारा एडिस डासही ती घालू शकतो, आणि डासाची वाढ आठवड्याभरात पुरी होते. आरोग्यखाते आठवड्यातून एक कोरडा दिवस पाळायला सांगते तो याच हिशेबाने. टाकी घासून कोरडी करा आणि झाकण किंवा जाळी बसवा. गप्पी मासे डासांच्या अळ्यांबरोबर हे निम्फही खातात. ते बंद हौदापुरते ठीक, पण त्यांना नैसर्गिक तळ्यात किंवा ओढ्यात कधीही सोडू नये, तिथल्या मूळच्या पाणजीवांचे त्यात नुकसान होते. मेफ्लायवर प्रेम असणाऱ्यानेही पिण्याच्या पाण्याच्या टाकीत ते पाळू नयेत, त्यांच्यासाठी गावातले तळे नीट राखणे अधिक चांगले.

प्रश्न : मेफ्लाय एकच दिवस जगतो, हे खरे आहे का? दिवाळीच्या सुमारास आमच्या कॉलेजच्या वाहनतळावर असे किडे गाड्यांच्या काळ्या टपांवर पुन्हा पुन्हा टेकताना पाहिले, ते कशामुळे? — बी.एस्सी.चा विद्यार्थी, कोल्हापूर

उत्तर : या गणाचे शास्त्रीय नाव 'एका दिवसाचे' या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून आले आहे, आणि ॲरिस्टॉटलनेही अशा एकदिवशी कीटकाचा उल्लेख केला आहे. पण तो एक दिवस फक्त पंखांच्या आयुष्याचा. पाण्यातला काळ त्याहून कितीतरी मोठा असतो. हंगेरीतल्या तिसा नदीत राहणारा, युरोपातला सर्वांत मोठा मेफ्लाय काठाच्या चिकणमातीत बीळ करून तीन वर्षे काढतो आणि जूनच्या मध्यावर एका सायंकाळी लाखोंनी वर येऊन काही तासांत मरतो. नदीला बहर आला, असे तिथले लोक म्हणतात. पश्चिम युरोपातल्या बहुतेक नद्यांतून हीच जात नाहीशी झाली आहे. अमेरिकेतल्या डोलॅनिया या मेफ्लायची मादी पंखांनिशी पाच मिनिटेही जगत नाही. याच्या अगदी उलट क्लोइऑन डिप्टेरमची मादी. समागमानंतर ती आडोशाला दहा ते चौदा दिवस बसून राहते, अंडी तिच्या पोटातच उबतात, आणि पाण्यात सोडल्यावर काही मिनिटांत त्यांतून पिल्ले बाहेर पडतात.

टपांवर टेकणाऱ्या बहुधा अंडी घालायला निघालेल्या माद्या असाव्यात. पाण्याच्या सपाट पृष्ठभागावरून परतणारा प्रकाश एका ठरावीक पातळीत कंप पावणारा, म्हणजे ध्रुवित झालेला असतो, आणि मेफ्लाय पाणी ओळखतो ते याच खुणेवरून. ओले किंवा गुळगुळीत डांबर, गडद रंगाच्या गाडीचे टप, सौर पटल यांवरून परतणारा प्रकाशही असाच ध्रुवित असतो, कधी तर पाण्याहून अधिक. हंगेरीतल्या संशोधकांनी १९९८ साली दाखवून दिले, की ओढ्याशेजारच्या डांबरी रस्त्यावर मेफ्लाय पाणी समजूनच उतरतात आणि तिथेच अंडी घालतात. ती अंडी वाळून जातात. आपल्या वाहनतळाजवळ तळे किंवा नदी असेल तर एका संध्याकाळी पांढऱ्या आणि काळ्या टपांवरचे किडे वेगवेगळे मोजून पाहा, फरक सहज लक्षात येईल.

प्रश्न : आमच्या वाडीच्या व्हाळात (ओढ्यात) पूर्वी कुठलाही गोटा उलटला की खाली चपटे, तीन शेपट्यांचे किडे पळताना दिसायचे. चार-पाच वर्षांपूर्वी वरच्या अंगाला रस्ता रुंद झाला, उतारावर आंब्याच्या नव्या बागा उभ्या राहिल्या, हिवाळ्यात वाडीचा मातीच्या पोत्यांचा वनराई बंधाराही असतो. उगमाकडचा भाग मात्र अजून जंगलात आहे. आता गोट्यांवर चिखल असतो आणि खाली लाल अळ्या. ते किडे परत येतील का? — एक बागायतदार, सिंधुदुर्ग

उत्तर : आपले पत्र वाचून वाईट वाटले, आणि आपण इतक्या वर्षांचे निरीक्षण लक्षात ठेवलेत याचा आनंदही झाला. चपटे किडे हेप्टाजेनिडी कुलातले असावेत, ज्यांना वरच्या उत्तरात सांगितलेल्या पद्धतीत १० गुण आहेत. लाल अळ्या डासासारख्या दिसणाऱ्या कायरोनोमिड माश्यांच्या, त्यांना २. त्यांचा लाल रंग हिमोग्लोबिनचा. प्राणवायू कमी असलेल्या गाळातही तो धरून ठेवता येत असल्याने त्या तिथे सुखाने राहतात. थोडक्यात, गोट्याखालचे बिऱ्हाड बदलले ते पाणी बदलल्यामुळे.

आपण सांगितलेल्या तीन गोष्टींपैकी पहिला संशय मी मातीवर घेईन. चपटा निम्फ जगतो तो गोट्याच्या पृष्ठभागावर आणि दोन गोट्यांमधल्या फटीत. उघड्या पडलेल्या उतारावरची तांबडी माती पावसात वाहून आली की आधी या फटी बुजतात, मग शेवाळाची साय गाळाखाली जाते, आणि कल्ल्यांवर बारीक कण बसतात. पाणी दिसायला पुन्हा नितळ झाले तरी तळ बुजलेलाच राहतो. काठाची झाडे गेली असतील तर उन्हाची भर पडते. २० अंश सेल्सियसला पाण्यात लिटरमागे सुमारे ९ मिलिग्रॅम प्राणवायू विरघळू शकतो, ३० अंशांना साडेसातच्या आसपास. वाहत्या पाण्याची सवय असलेल्या जीवाला हा फरक मोठा आहे.

दुसरा संशय फवारणीवर, आणि तो तपासल्याशिवाय सोडू नये. आंब्यावरच्या तुडतुड्यांसाठी वापरले जाणारे इमिडाक्लोप्रिड हे कीटकनाशक मेफ्लायच्या निम्फना अत्यल्प मात्रेतही घातक ठरते. नेदरलँड्समध्ये पाणजीवांवर झालेल्या प्रयोगांत सर्वाधिक बळी पडणाऱ्यांत मेफ्लायच होते, आणि त्यांत एरवी इतका काटक असलेला क्लोइऑन डिप्टेरमही होता. आपण स्वतः बागायतदार आहात, म्हणून मोकळेपणाने सांगतो. व्हाळाच्या काठाला लागून असलेल्या ओळी फवारणीतून वगळता आल्या, पंप आणि डबे व्हाळात धुणे पूर्ण बंद झाले आणि काठावर झाडोऱ्याचा पट्टा राहू दिला, तर पाण्यात उतरणारे औषध बरेच कमी होईल. वनराई बंधाऱ्याला माझा विरोध नाही, वाडीला उन्हाळ्यात पाणी हवेच. पण बंधाऱ्याच्या मागे साचलेल्या पाण्यात हे किडे राहणार नाहीत, आणि खालचा खळाळ पार आटला तर तिथलेही जातील. पोत्यांच्या तळाशी एक पाइप ठेवून थोडी धार खाली वाहती ठेवावी आणि पावसापूर्वी पोती काढून घ्यावीत, म्हणजे गाळ धुऊन जायला वाट मिळते.

परत येण्याविषयी आशा धरायला हरकत नाही. निम्फ प्रवाहाबरोबर सुटून खाली वाहत येतात, विशेषतः रात्री, आणि अनेक जातींच्या माद्या अंडी घालण्यापूर्वी प्रवाहाच्या उलट दिशेने उडत जातात, त्यामुळे वरच्या अंगाला चांगला खळाळ शिल्लक असेल तर खालच्या भागात नवी वस्ती होऊ शकते. अमेरिका आणि कॅनडा यांच्या सीमेवरच्या ईरी सरोवरात १९५३ च्या उन्हाळ्यात तळाचा प्राणवायू संपून हेक्साजेनिया प्रजातीचे मेफ्लाय जवळजवळ नाहीसे झाले होते. सांडपाण्यावर निर्बंध आल्यानंतर, १९९० च्या दशकात, ते पुन्हा थव्यांनी दिसू लागले. तेवढा काळ आपल्या व्हाळाला लागू नये, कारण त्याचा वरचा उगमाकडचा भाग अजून जंगलात आहे असे आपण पत्रात लिहिले आहे.

म्हणून पावसाळा सरल्यावर, ऑक्टोबरच्या अखेरीस, एक काम करा. रस्त्याच्या वर एक, रस्ता आणि बागा यांच्या मध्ये एक आणि बागांच्या खाली एक, असे तीन खळाळ निवडा, शक्यतो सारख्याच खोलीचे आणि सारख्याच सावलीचे. एकाच सकाळी प्रत्येक ठिकाणी हाताएवढे दहा गोटे उचला, पांढऱ्या परातीत धुवा, चपटे निम्फ आणि लाल अळ्या मोजा, आणि गोटे होते त्याच जागी, त्याच बाजूने परत ठेवा. वर चपटे निम्फ भरपूर आणि रस्त्याखाली एकदम कमी झाले तर दोष मातीचा. रस्त्याखालीही ते बऱ्यापैकी टिकून असले आणि बागांखाली मात्र नाहीसे झाले, तर फवारणीच्या तारखा वहीतून काढून पाहाव्या लागतील. तिन्ही जागांचे आकडे आणि गोट्यांची छायाचित्रे पाठवलीत तर पुढचे उत्तर मला अधिक नेमके देता येईल.